‘ऑनेस्ट’ हा शब्द आणि ‘ऑथेल्लो’

इंग्रजीतील काही शब्द इतके परिचित असतात की त्यांच्यासाठी कोश उघडावा असे विद्यार्थ्याला कधी वाटतच नाही. दुर्बोध शब्द वाचकाला थांबवितो आणि विचार करावयास लावतो; परिचित शब्द त्याला हाताला धरून पुढे नेतो, आणि आपल्याला कुठे नेले हे पुष्कळदा त्याला कळतही नाही. ‘ऑनेस्ट’ हा अशा शब्दांपैकी एक होय. शाळेतील इंग्रजीच्या पहिल्या एकदोन वर्षांतच त्याचा ‘प्रामाणिक’ हा अर्थ पाठ झालेला असतो, आणि पुढे पदव्युत्तर वर्गात ‘ऑथेल्लो’ वाचताना तोच अर्थ मनाशी धरून नाटक वाचले जाते. अशा वाचनात इयागोच्या नावाला वारंवार लागणारे हे विशेषण म्हणजे एक सरळ उपरोध ठरतो : जो प्रामाणिक नाही त्याला सारे प्रामाणिक म्हणतात, आणि प्रेक्षकाला मात्र खरे काय ते ठाऊक असते. उपरोध आहे हे खरेच. परंतु नाटकात या शब्दाचे जे काही चालले आहे त्याचा हा केवळ वरचा पदर झाला.

विल्यम एम्पसन यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण ‘ऑथेल्लो’तील या शब्दाला दिले आहे. ‘ऑनेस्ट’ व ‘ऑनेस्टी’ मिळून हा शब्द नाटकात ५२ वेळा येतो, अशी त्यांची मोजणी आहे, आणि शेक्सपिअरने दुसऱ्या कोणत्याही नाटकात एका शब्दाचा असा पिच्छा पुरविलेला नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. एम्पसन यांचा सारा भर इयागोवर आहे. दिलदार, सोबत्यांशी इमान राखणारा, सोवळेपणाचा आव न आणणारा गडी, असा एक अर्थ या शब्दाला बोलीत चिकटू लागला होता. त्याच वेळी वरिष्ठाने कनिष्ठाला ‘ऑनेस्ट’ म्हणण्यात पाठीवर थाप मारल्यासारखा कृपाभावही होता. आणि बढती नाकारल्या गेलेल्या इयागोला ही थाप झोंबते, असा त्यांचा एकंदर युक्तिवाद आहे. तो मोलाचा आहे. कोलरिजला इयागोच्या दुष्टपणाला हेतूच सापडला नव्हता. एम्पसन यांनी तो हेतू एका विशेषणात शोधून दाखविला. तरीही त्यांच्या विवेचनातून एक प्रश्न बाजूला राहून जातो. या बावन्न स्थळांपैकी बरीच स्थळे इयागोविषयी नाहीतच. ती डेस्डेमोनाविषयी आहेत. सैनिकाला आणि पत्नीला एकच विशेषण लागते, आणि दोघांच्या बाबतीत त्याचा अर्थ सारखा नाही. नाटकाची शोकांतिका या फटीत घडते, आणि ती फट कशी पडली हे समजण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जाणे भाग आहे.

लॅटिन भाषेत ‘होनोस’ म्हणजे मान, आणि त्यावरून मानाचे पद, राज्यातील अधिकारपद. या शब्दाच्या पलीकडची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना निश्चित करता आलेली नाही. ‘होनोस’ला प्रत्यय लागून ‘होनेस्तुस’ हे विशेषण झाले. मराठीतील ‘मानवंत’ हा शब्द रचनेच्या दृष्टीने त्याला जवळचा. यात एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. मान हा मनुष्याजवळ उपजत असत नाही. तो इतरांनी दिलेला असतो. ‘होनेस्तुस’ मनुष्य म्हणजे ज्याला चारचौघांनी मान दिला आहे असा मनुष्य. सिसरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिकिइस’ या ग्रंथात ‘होनेस्तुम’ आणि ‘उतिले’, म्हणजे शोभन आणि उपयुक्त, यांच्यातील संघर्षाची चर्चा केली आहे. त्याच्या हातात या शब्दाला नीतीची उंची आली यात शंका नाही. परंतु ज्या ग्रीक शब्दासाठी त्याने तो योजिला त्या ‘कालोन’चा मूळ अर्थही ‘सुंदर’, म्हणजे दिसण्याशी निगडितच आहे. पुढे साम्राज्यकाळातील कायद्यात ‘होनेस्तिओरेस’ आणि ‘हुमिलिओरेस’ असे प्रजेचे दोन वर्ग मानले गेले. एकाच अपराधासाठी पहिल्या वर्गाला सौम्य व दुसऱ्याला कठोर शिक्षा होई. या ठिकाणी ‘होनेस्तुस’चा सत्यवचनाशी काडीचाही संबंध उरलेला नाही. तो शुद्ध दर्जाचा शब्द झाला आहे.

फ्रेंचमार्गे हा शब्द सुमारे १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. उच्चारात न येणारा त्याचा आद्य ‘ह’ हे त्या प्रवासाचे चिन्ह होय. इंग्रजीतील त्याचे पहिले अर्थ प्रतिष्ठित, सभ्य, शोभेल असा, असे आहेत. आणि चौदावे शतक संपण्याच्या सुमारास स्त्रीच्या बाबतीत तो ‘शीलवती’ या अर्थाने येऊ लागलेला दिसतो. सामाजिक प्रतिष्ठेचा शब्द पुरुषाच्या बाबतीत त्याच्या व्यवहाराकडे वळला आणि स्त्रीच्या बाबतीत तिच्या देहाकडे. यात आश्चर्य काही नाही. त्या समाजाने पुरुषाची पत आणि स्त्रीची पत दोन निराळ्या तराजूंत तोलली होती, आणि भाषेने त्या हिशेबाची फक्त नोंद ठेविली. फ्रेंचमध्येही ‘ऑनेत’ या विशेषणाचे असेच झाले. सतराव्या शतकातील ‘ऑनेत ऑम’ हा दरबारी शिष्टाचारात मुरलेला, सहवासाला गोड असा सज्जन होता (निकोला फारे याने १६३० साली त्याच्यावर ग्रंथच लिहिला), तर त्याच विशेषणाची स्त्री मुख्यतः पतिनिष्ठ असावयाची.

शब्दाचा बाह्य अर्थ किती काळ जिवंत होता आणि केव्हा मावळला, याचा एक चांगला पुरावा बायबलच्या भाषांतरांत मिळतो. १६११ च्या राजमान्य भाषांतरात सेंट पॉलच्या पत्रांत ‘शोभन’, ‘आदरणीय’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांसाठी ‘ऑनेस्ट’ योजिला आहे. साऱ्या लोकांच्या दृष्टीसमोर शोभेल असे वागावे, असा तेथील उपदेश आहे. १८८१ च्या सुधारित भाषांतरात या स्थळी ‘ऑनरेबल’ हा शब्द घातला गेला. ग्रीक संहिता तीच होती. बदलला होता तो इंग्रजी वाचक. मधल्या पावणेतीनशे वर्षांत ‘ऑनेस्ट’ शब्दाचा लोकदृष्टीशी असलेला संबंध तुटून तो सर्वस्वी मनुष्याच्या अंतःकरणाचा शब्द झाला होता. खोटे न बोलणारा, न फसविणारा, एवढाच अर्थ उरला. स्त्रीविषयक अर्थ तर आज एकाच वाक्प्रचारात तग धरून आहे : संबंध ठेवलेल्या स्त्रीशी पुरुषाने पुढे रीतसर विवाह केला, तर त्याने तिला ‘ऑनेस्ट’ केले असे म्हणतात, आणि तेही आता बहुधा थट्टेने.

सी. एस. लुइस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ या १९६० च्या ग्रंथात वाचकाला एक इशारा दिला आहे. जुन्या ग्रंथातील शब्दाचा जो अर्थ आज सर्वात प्रबळ असतो, तोच सर्वात धोक्याचा. कारण तो त्या वाक्यातही बेमालूम बसतो आणि वाचकाला शंका येऊ देत नाही. ‘ऑनेस्ट’च्या बाबतीत हा धोका पुरेपूर आहे. मात्र उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. मूळ लॅटिन अर्थ अमुक, म्हणून शेक्सपिअरच्या पात्राच्या तोंडीही तोच अर्थ, असा निष्कर्ष काढणे म्हणजे आजोबांच्या मालमत्तेवरून नातवाची ऐपत ठरविण्यासारखे आहे. व्युत्पत्ती पुरावा देत नाही. कोठे शोधावे एवढे ती सुचविते. पुरावा प्रयोगातच मिळाला पाहिजे.

तो मिळतो. हॅम्लेट ओफीलियाला ती ‘ऑनेस्ट’ आहे काय असे विचारतो, तेव्हा पडद्याआड दडलेल्या बापाविषयी ती खरे सांगते आहे काय आणि ती शीलवान आहे काय, हे दोन्ही प्रश्न एकाच श्वासात येतात. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही अर्थ लंडनच्या प्रेक्षकाच्या कानाला एकदम ऐकू येत होते. ‘ऑथेल्लो’चा राजदरबारातील प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी झाला. शब्द बाहेरून आत वळत असतानाचा हा काळ. नवा अर्थ पुरता रुळला नव्हता आणि जुना मावळला नव्हता.

अशा संधिकालातील शब्दाचे वैशिष्ट्य असे की बोलणारा एक अर्थ गृहीत धरून चालतो आणि पुरावा मात्र दुसऱ्या अर्थाचा देतो. ऑथेल्लो नेमके हेच करतो. इयागोला तो ‘ऑनेस्ट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात इयागोचे अंतःकरण असते. पण ते अंतःकरण त्याला कशावरून कळले? सारे सैन्य इयागोला तसे म्हणते यावरून. कॅसिओ म्हणतो, डेस्डेमोना म्हणते. शिवाय शिपाईगडी हा मोकळ्या मनाचाच असावयाचा, ही समजूत इतकी दृढ होती की १६९३ साली टॉमस रायमरने या नाटकावर झोड उठविली तेव्हा, सैनिकाला असा कपटी दाखविणे हे सैनिकाच्या मान्य स्वभावाविरुद्ध आहे, असा आक्षेप त्याने घेतला. रायमरची रुमालाविषयीची थट्टा सर्वांना आठवते. हा आक्षेप मात्र दुर्लक्षिला गेला, आणि खरे पाहता तो अधिक उद्बोधक आहे. कारण रायमर येथे ऑथेल्लोच्याच चुकीचा धनी होतो. दोघेही लौकिकावरून मनुष्य ओळखतात.

इयागोला मात्र शब्दाचे दोन्ही अर्थ अचूक ठाऊक आहेत. पहिल्याच प्रवेशात तो ‘ऑनेस्ट’ सेवकांची कुचेष्टा करतो. तेथे या शब्दाचा अर्थ ‘इमानी पण खुळा’ असा आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी तो स्वतःशीच म्हणतो की जे नुसते तसे दिसतात त्यांनाही हा मूर मनुष्य ‘ऑनेस्ट’ समजतो. दिसणे आणि असणे यांतील अंतर हेच त्याचे भांडवल आहे. लौकिकाविषयी त्याची दोन भाषणे प्रसिद्ध आहेत. दारूच्या नशेत भांडण करून पद गमावलेल्या कॅसिओला तो सांगतो की लौकिक ही एक पोकळ, लोकांनी लादलेली वस्तू आहे. आणि पुढच्याच अंकात ऑथेल्लोला सांगतो की चांगले नाव हे आत्म्याचे रत्न आहे. दोन्ही विधाने एकमेकांना छेद देतात, आणि दोन्ही त्या त्या श्रोत्याला पटतात. टीकाकारांनी याला ढोंग म्हटले आहे. ढोंग तर खरेच. पण ज्या शब्दाचे मूळच लोकांनी दिलेल्या मानात आहे त्याच्या दोन्ही बाजू इयागो येथे क्रमाने उलगडून दाखवीत आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हा शब्द हातोहात फिरतो. आधी तो कॅसिओला लागतो. प्रियाराधनाच्या दिवसांत कॅसिओ मध्यस्थ होता हे ऐकून इयागो चमकल्याचे दाखवितो. कॅसिओ ‘ऑनेस्ट’ नाही काय, असे ऑथेल्लो विचारतो. आणि इयागो काहीच न सांगता तोच शब्द प्रश्नार्थक करून परत देतो. या प्रतिध्वनीत त्याने एकही खोटे विधान केलेले नाही. त्याने फक्त शब्द हलविला आणि त्याच्या आत काहीतरी खुळखुळते असे भासविले. थोड्या अवकाशाने ऑथेल्लो तोच शब्द आपण होऊन डेस्डेमोनाला लावतो : ती ‘ऑनेस्ट’ नाही असे आपल्याला वाटत नाही, असे तो म्हणतो. वाक्य विश्वासाचे आहे आणि रचना संशयाची. कॅसिओच्या बाबतीत ज्याचा अर्थ मित्राशी सचोटी असा होता, त्याचा अर्थ आता शील असा झाला. परंतु शब्द तोच राहिल्यामुळे मधली उडी कोणाच्याच ध्यानात आली नाही. आणि इयागो निघून गेल्यावर ऑथेल्लो तिसऱ्यांदा हाच गुण, तोही अतिशय मोठ्या प्रमाणात, इयागोच्या पदरात घालतो. एका प्रवेशात तिघांची पारख एकाच मापाने झाली, आणि माप धरणारा हात इयागोचा.

याच प्रवेशात पुढे ऑथेल्लोचे एक भाषण आहे. ते १६२२ च्या क्वार्टो आवृत्तीत नाही. १६२३ च्या फोलिओत आहे. त्यात तो पत्नी ‘ऑनेस्ट’ आहे असेही मानतो आणि नाही असेही. इयागो खरा आहे असेही मानतो आणि नाही असेही. आश्चर्य असे की येथे, दोघांना समोरासमोर तराजूत घातल्यावर, इयागोसाठी त्याच्या तोंडून ‘ऑनेस्ट’ येत नाही, ‘जस्ट’ येतो. जणू एक शब्द दोघांना पुरणार नाही हे त्याच्या जिभेला क्षणभर कळले आणि बुद्धीला कळले नाही. त्याच भाषणात तो म्हणतो की डायनाच्या मुखासारखे निर्मळ असलेले नाव आता काळवंडले आहे. कोणाचे नाव? फोलिओतील पाठ ‘माझे नाव’ असा आहे. १६३० च्या दुसऱ्या क्वार्टोत तो ‘तिचे नाव’ असा झाला. संपादकांत या पाठभेदावर मतभेद आहेत. ‘तिचे’ हा पाठ वाचायला सुगम आहे, कारण डायना ही कौमार्याची देवता आणि प्रश्न डेस्डेमोनाच्या शीलाचा. पण नाटकाच्या दृष्टीने ‘माझे’ हाच पाठ अधिक खरा वाटतो. तिच्या शीलाचा डाग त्याच्या नावावर पडतो; किंबहुना तिचे शील हे त्याच्या नावाचेच एक अंग आहे, असे तो समजतो. ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनर’ या सख्ख्या शब्दांचे नाते हेच.

याच प्रवेशात ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. येथे मराठी वाचकाला आपल्या भाषेतील प्रतिशब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटेल. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’पासून आलेला, संस्कृतात त्याचा मूळ अर्थ प्रमाणाने सिद्ध झालेला, ग्राह्य असा. ‘ऑनेस्ट’चे मूळ मानात आहे आणि ‘प्रामाणिक’चे ज्ञानात. म्हणजे शाळेत पाठ केलेला हा प्रतिशब्द मुळात अगदी निराळ्या घरचा आहे. परंतु या प्रवेशावर त्याने जो प्रकाश पडतो तो इंग्रजी शब्दाने पडत नाही. ऑथेल्लो प्रत्यक्ष प्रमाण मागतो. इयागो ते अशक्य ठरवितो आणि अनुमानावर समाधान मानावयास सांगतो. मग तो कॅसिओच्या झोपेतील बरळण्याची हकीकत सांगतो, म्हणजे शब्दप्रमाण पुढे करतो; आणि शेवटी रुमाल हा हेतू म्हणून पुढे येतो, जो तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हेत्वाभास म्हणून ओळखता यावा. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आणि आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणून तशीच सांगणारा. सारा डोलारा इयागोच्या आप्तत्वावर उभा आहे, आणि ते आप्तत्व एका विशेषणावर.

मराठीत हे नाटक फार लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले, गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर १८९० सालचे, आणि पुढे वि. वा. शिरवाडकर यांनीही ते मराठीत आणले. या नाटकाला हात घालणाऱ्या प्रत्येकापुढे एक पेच असतो. ‘प्रामाणिक’ स्त्री म्हटल्याने शीलाचा बोध होत नाही. ‘पतिव्रता’, ‘साध्वी’ हे शब्द पुरुषाला लागत नाहीत. शब्द दोन केले की अर्थ स्पष्ट होतो, आणि जी उडी लपलेली असावयास हवी तीच उघडी पडते. दोन्हीकडे चालणारा शब्द मराठीत शोधावयाचा तर तो ‘अब्रू’च्या परिसरात शोधावा लागेल. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मुखाचे तेज. सावकाराची अब्रू म्हणजे पत, आणि स्त्रीची अब्रू म्हणजे शील. ‘अब्रूदार’ हा शब्द ‘ऑनेस्ट’च्या जुन्या अर्थाशी जितका जुळतो तितका ‘प्रामाणिक’ जुळत नाही. अडचण एवढीच की इयागोला ‘अब्रूदार’ म्हटले तर त्याच्या सत्यवचनाची ग्वाही त्यात येत नाही, आणि तीच तर येथे हवी. १६०४ चा इंग्रजी शब्द ज्या दोन दगडांवर एकाच वेळी पाय ठेवून उभा आहे, त्यांपैकी एक मराठीत प्रत्येक वेळी सोडावा लागतो. भाषांतरकाराचे यात अपयश नाही. त्याच्या भाषेने तो मधला मुक्काम कधी केलाच नाही.

सर्वात बिकट स्थळ पाचव्या अंकात येते. सत्य उघड झाले आहे, इयागोने आपल्या पत्नीला भोसकून पळ काढला आहे, आणि माँटानोने ऑथेल्लोच्या हातची तलवार काढून घेतली आहे. तेव्हा ऑथेल्लो विचारतो की ‘ऑनेस्टी’ गेल्यावर ‘ऑनर’ने मागे का उरावे. तेराशे सालापासून इंग्रजीत शेजारी नांदत आलेले, एका लॅटिन मुळाचे दोन फाटे येथे एका वाक्यात आमनेसामने येतात. ही ‘ऑनेस्टी’ कोणाची? डेस्डेमोनाचे शील म्हणावे, तर ते गेलेच नव्हते हे त्याला आत्ताच कळले आहे. इयागोची सचोटी म्हणावी, तर ती कधी नव्हतीच. ऑथेल्लोची स्वतःची म्हणावी, तर त्याने कोणाला फसविलेले नाही. ज्या गुणाचा त्याने इतका वेळ घोष केला तो कोणत्या माणसाचा, हे त्याला अखेरपर्यंत सांगता येत नाही. सारेच जाऊ दे, असे तो म्हणतो खरा; परंतु थोड्याच वेळाने आपण जे केले ते द्वेषाने केले नाही, ‘ऑनर’साठी केले, असे सांगून तोच शब्द पुन्हा जवळ करतो.

या नाटकात ‘ऑनेस्ट’ शब्दावर आणखी दोन स्त्रियांनी हक्क सांगितलेला आहे. गणिका म्हणून हिणविली गेलेली बियांका एमिलियाला सुनावते की तिचे आयुष्य एमिलियाइतकेच ‘ऑनेस्ट’ आहे. या ओळीकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आणि एमिलियाने चौथ्या अंकात ऑथेल्लोपुढे पैज लावून सांगितले होते की डेस्डेमोना ‘ऑनेस्ट’ आहे. ते त्याला पटले नव्हते. आता, नवऱ्याच्या हातून मरताना, ती तेच पुन्हा सांगते. पण या वेळी तो शब्द ती उच्चारीत नाही. ती ‘चेस्ट’ म्हणते. या शब्दाला दुसरा अर्थ नाही, तो सैनिकाला लागत नाही, आणि लौकिकाशी त्याला कर्तव्य नाही.